एकाने घेतलं तर केबिनमधल्या सगळ्यांनी पैसे भरायचे? क्रूझच्या ड्रिंक पॅकेजचे नियम, ग्रुपने जाणाऱ्यांसाठी

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला तर इअरफोन लावा. बोलण्यातली फाफटपसारा वाक्यं थोडी छाटली आहेत, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

[००:००] प्रश्न काय आहे?

आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता. प्रश्न साधारण असा असतो: "आम्ही सहा जण मायामीहून कॅरिबियन क्रूझला चाललोय. चौघं घेतात, दोघं अजिबात घेत नाहीत. ऑनलाइन ड्रिंक पॅकेज टाकायला गेलो, तर न घेणाऱ्याच्या नावावरही पॅकेज आपोआप लागलं. हे काय आहे? ॲपची गडबड आहे का?"

तर पहिलं उत्तर: नाही, गडबड नाही. तो नियम आहे. आणि हा नियम बुकिंगच्या आधी माहीत असला तर सहा जणांच्या ग्रुपचा लाखभर रुपयांचा फरक पडू शकतो. नंतर कळला तर फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण होतं. म्हणून आज शांतपणे, हिशोब मांडून बघूया.

उदाहरणाला मुख्यतः रॉयल कॅरिबियन ही कंपनी घेतो, कारण सिंगापूर असो की मायामी, आपल्याकडचे बरेच ग्रुप तिच्या जहाजांवर जातात. आणि अजून एक धागा आहे. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' जहाज ऐकलंय ना? ते एके काळी याच रॉयल कॅरिबियनचं 'एम्प्रेस ऑफ द सीज' होतं. तुलनेसाठी मधे मधे कार्निव्हल कंपनीचा उल्लेख येईल.

[०१:५०] पॅकेज म्हणजे नेमकं काय?

क्रूझच्या तिकिटात राहणं आणि बहुतेक जेवण येतं. दारू येत नाही. कोल्ड्रिंक, बाटलीबंद पाणी, कॅपुचिनो हेही बहुतेक वेळा वेगळं. साधं पाणी, साधा चहा-कॉफी, लिंबू सरबत, बुफेतला सकाळचा ज्यूस एवढं फुकट असतं.

बाकीच्यासाठी दोन रस्ते. एक, जे प्याल त्याचं बिल. दोन, रोजची एक ठरावीक रक्कम भरून पॅकेज. रॉयल कॅरिबियनच्या मोठ्या पॅकेजचं नाव 'डिलक्स बेव्हरेज पॅकेज'. त्यात बिअर, वाइन, कॉकटेल, मॉकटेल, कोल्ड्रिंक, बाटलीबंद पाणी, चांगली कॉफी हे सगळं येतं. प्रत्येक ड्रिंकला १४ डॉलरची मर्यादा आहे. १८ डॉलरचं कॉकटेल मागवलं तर वरचे ४ डॉलर आणि त्यावरची टिप तुम्ही भरायची.

कार्निव्हलच्या पॅकेजचं नाव 'चिअर्स'. तिथे मर्यादा २० डॉलरची आहे, पण अजून एक अट आहे: सकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ६ या २४ तासांत जास्तीत जास्त १५ अल्कोहोलवाली ड्रिंक. १५ झाली की बारटेंडर हात जोडतो.

आता चार गोष्टी लक्षात ठेवा, कारण जाहिरातीत त्या लहान अक्षरात असतात.

एक: दिसणारी किंमत दर माणशी, दर दिवशी असते. "८० डॉलर" वाचून खूश होऊ नका, त्याला रात्रींनी गुणा.

दोन: त्यावर टिप वेगळी लागते. रॉयल कॅरिबियनमध्ये १८ टक्के.

तीन: पॅकेज संपूर्ण प्रवासाचं घ्यावं लागतं. "फक्त समुद्रातल्या तीन दिवसांचं द्या" असं चालत नाही. जहाज कोझुमेलला लागलं, तुम्ही सकाळी उतरून संध्याकाळी परत आलात, तरी त्या दिवसाचे पैसे गेलेच.

चार: किंमत स्थिर नसते. जहाज, तारीख आणि ऑफर यांप्रमाणे विमानाच्या तिकिटासारखी वरखाली होते. त्यामुळे आज मी जे आकडे वापरणार आहे ते हिशोब समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या तारखेचा आकडा टाकून हाच हिशोब परत करा.

[०४:३०] मुख्य नियम: केबिन

आता मुद्द्यावर येऊ. नियम असा: एका केबिनमधल्या एका प्रौढ व्यक्तीने अल्कोहोलचं पॅकेज घेतलं, तर त्याच केबिनमधल्या पिण्याचं कायदेशीर वय झालेल्या सगळ्यांनी ते घ्यायचं. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल, दोन्हीकडे हे असंच आहे.

यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द कोणता? 'केबिन'.

ग्रुप नाही. बुकिंग नाही. जेवणाचं टेबल नाही. केबिन.

इथेच लोकांचा गोंधळ होतो. काहींना वाटतं, आपण सहा जण एकत्र चाललोय म्हणजे सहाही जणांना घ्यावं लागेल. तसं नाही. शेजारच्या केबिनमधल्या मित्राने घेतलं किंवा नाही घेतलं, तुम्हाला फरक पडत नाही. दोन केबिनना आतून जोडणारं दार असलं तरी त्या कागदोपत्री दोन वेगळ्या केबिन. नियम दाराबाहेर लावलेल्या नंबरप्रमाणे चालतो.

आणि काहींना उलटं वाटतं: "मी आणि बायको एका खोलीत, पण ती घेत नाही, मग मी माझ्यापुरतंच घेतो." तर तिथे नियम आडवा येतो.

[०६:१०] असा नियम का?

उत्तर आपल्याच हॉटेलात आहे. अनलिमिटेड थाळीवाल्या कुठल्याही हॉटेलात जा. भिंतीवर पाटी असते: एका थाळीत दोघांना जेवता येणार नाही. का? कारण एकाने थाळी घेतली आणि समोर बसलेल्याने "मला भूक नाही, मी फक्त पाणी पितो" असं म्हणून हळूच त्याच ताटातली पुरणपोळी उचलली, की मालकाचा हिशोब बसतो गाळात.

थाळीचा धंदा सरासरीवर चालतो. कुणी आठ पोळ्या खातो, कुणी दोन. दोन पोळ्यावाला आठवाल्याचा तोटा भरून काढतो. ड्रिंक पॅकेजचंही तसंच. जे रोज तीन ड्रिंकवर थांबतात, त्यांच्या पैशावर दहा पिणाऱ्याचं पॅकेज परवडतं. पण फक्त दहा पिणाऱ्यांनीच पॅकेज घेतलं आणि तीन पिणाऱ्यांनी सुटं बिल भरलं, तर कंपनीला किंमत वाढवावी लागेल किंवा पॅकेज बंद करावं लागेल.

आणि ताट शेअर करायची सगळ्यात जास्त शक्यता कुठे? एका खोलीत राहणाऱ्यांमध्ये. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, रूममेट. म्हणून कंपनी खोली हे एकक धरते. प्रत्येकाच्या मागे माणूस ठेवण्यापेक्षा "खोलीत एकाने घेतलं की सगळ्यांनी" हे सोपं.

हॉटेलमालकाच्या बाजूने बघितलं तर यात तर्क आहे. पण जो खरंच घेत नाही त्याच्यावर अन्याय होतो, हेही तितकंच खरं.

[०८:२०] आता आकडे

मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. धरूया की पॅकेज ८० डॉलर रोज, प्रवास ७ रात्रींचा, आणि हिशोबाला सोपं जावं म्हणून एक डॉलर म्हणजे ९० रुपये.

८० गुणिले ७ म्हणजे ५६० डॉलर. त्यावर १८ टक्के टिप. झाले ६६०.८० डॉलर. रुपयांत ५९,४७२. म्हणजे एका माणसाचे जवळपास साठ हजार. फक्त ड्रिंकचे.

सहा जणांचा ग्रुप. चार घेणारे, दोन न घेणारे. तीन केबिन.

वाटणी पहिली, म्हणजे कुणी विचार न करता केलेली. पहिल्या केबिनमध्ये दोन घेणारे. दुसऱ्यात एक घेणारा, एक न घेणारा. तिसऱ्यातही तसंच. आता घेणाऱ्या चौघांनी पॅकेज घेतलं की तीनही केबिनना नियम लागला. एकूण पॅकेज सहा. ३,९६४.८० डॉलर. रुपयांत ३,५६,८३२.

वाटणी दुसरी. पहिल्या केबिनमध्ये दोन घेणारे, दुसऱ्यात दोन घेणारे, तिसऱ्यात दोघं न घेणारे. एकूण पॅकेज चार. २,६४३.२० डॉलर. रुपयांत २,३७,८८८.

फरक १,१८,९४४ रुपये. जहाज तेच, माणसं तीच, पिणंही तेवढंच. फक्त कोण कुणाबरोबर झोपायला जातं ते बदललं.

म्हणून पहिला सल्ला: केबिनची वाटणी तिकीट काढायच्या आधी ठरवा. नंतर नावं इकडची तिकडे करता येतात, पण फोन, मेल, कधी फेरबदलाचे पैसे, आणि ऑफर गेली तर वाढलेला दर. आधीच ग्रुपवर एक पोल टाका: "पॅकेज घेणार / सुटं बिल भरणार / अजिबात घेत नाही". तीन पर्याय, दोन नाही. मधला पर्याय फार महत्त्वाचा आहे, तो का ते आता सांगतो.

[११:००] मुळात पॅकेज हवंय का?

"अनलिमिटेड" म्हटलं की आपले डोळे चमकतात. पण हिशोब करू.

रोजचा खर्च टिपसकट ९४.४० डॉलर. सुटं कॉकटेल घेतलं तर धरूया १३ डॉलर, टिपसकट १५.३४. भागाकार केला की येतं ६.१५. म्हणजे रोज सहा ड्रिंक झाली की पैसे जेमतेम फिटतात, सातव्यापासून फायदा.

आता कुणी म्हणेल, पॅकेजमध्ये कॉफी आणि पाणीही आहे. बरोबर. त्याचे रोजचे १५ डॉलर वजा करू. तरी ५ पेक्षा थोडी जास्त ड्रिंक लागतात. रोज. सातही दिवस. ज्या दिवशी तुम्ही दिवसभर बंदरावर फिरताय त्या दिवशीही.

जो दिवसाला दोनच घेतो त्याचं सुटं बिल सात दिवसांचं होईल २१४.७६ डॉलर, म्हणजे १९,३२८ रुपये. पॅकेजचे साठ हजार. तर अशा माणसाने पॅकेजच्या वाटेला जाऊच नये. ग्रुपमधल्या चार घेणाऱ्यांपैकी कदाचित दोघंच खरे पॅकेजवाले असतील. मग त्या दोघांची एक केबिन केली की पॅकेज फक्त दोन. बाकी चौघं मोकळे.

आता जोडप्याचं बघा. एक घेतो, एक घेत नाही, आणि नियमामुळे दोघांचं पॅकेज लागलं. दोघांचा रोजचा खर्च १८८.८० डॉलर. दोघांच्या कॉफी-पाण्याचे प्रत्येकी १५ वजा केले, राहिले १५८.८०. हे एकट्याने वसूल करायचे म्हणजे रोज दहापेक्षा जास्त ड्रिंक. हे पार्टीचं गणित नाही, शिक्षेचं आहे. अशा जोडप्याने सुटं बिलच भरावं, किंवा पुढे सांगतो ती सूट मागावी.

[१३:४०] न घेणाऱ्यासाठी सूट मिळते का?

कधी कधी मिळते. रॉयल कॅरिबियनमध्ये 'रिफ्रेशमेंट पॅकेज' नावाचं अल्कोहोल नसलेलं पॅकेज आहे. त्यात मॉकटेल, कोल्ड्रिंक, कॉफी, ताजे ज्यूस येतात. केबिनमधली एक व्यक्ती घेतच नसेल, गरोदर असेल, औषधं चालू असतील किंवा धर्मामुळे घेत नसेल, तर कंपनीला फोन करून "एकाला डिलक्स, दुसऱ्याला रिफ्रेशमेंट" अशी विनंती करता येते. बऱ्याच प्रवाशांना ती मिळालेली आहे.

पण दोन गोष्टी. पहिली, वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये हे स्वतः होत नाही, माणसाशी बोलावं लागतं. दुसरी, ही सूट आहे, हक्क नाही. समोरचा नाही म्हणू शकतो. हो म्हणाला तर ते ईमेलवर लिहून घ्या आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. जहाजावर चढल्यावर "तुमच्या एजंटने सांगितलं होतं" या वाक्याला काही किंमत नसते.

पैशात किती फरक? रिफ्रेशमेंट ३५ डॉलर रोज धरलं तर सात रात्रींचे टिपसकट २८९.१० डॉलर. त्या जोडप्याचा एकूण खर्च १,३२१.६० वरून ९४९.९० वर आला. वाचले ३७१.७० डॉलर, म्हणजे ३३,४५३ रुपये. एका फोनचे एवढे पैसे कुणी देत नाही, तर फोन करा.

नुसतं कोल्ड्रिंकचं किंवा रिफ्रेशमेंटचं पॅकेज हवं असेल तर मात्र केबिनचा नियम नाही. ते एकट्याला घेता येतं.

[१५:३०] वयाची भानगड

आता हे खास आपल्या श्रोत्यांसाठी, कारण तुमच्यातले निम्मे वीसच्या आसपासचे.

नियम "पिण्याचं कायदेशीर वय झालेल्या" लोकांना लागतो. आणि ते वय जहाज कुठून सुटतं त्यावर अवलंबून असतं. रॉयल कॅरिबियनमध्ये उत्तर अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजावर २१. युरोप, आशिया आणि ऑस्ट्रेलियातून सुटणाऱ्या जहाजावर साधारणपणे १८.

म्हणजे बघा गंमत. २० वर्षांची धाकटी बहीण आणि २४ वर्षांचा भाऊ एका केबिनमध्ये. मायामीहून निघाले तर बहिणीला अल्कोहोल पॅकेज मिळणारच नाही, आणि म्हणून भावाने घेतलं तरी तिच्यावर सक्ती नाही. तेच दोघं सिंगापूरहून निघाले तर बहीण मोजणीत आली. ती घेत असो वा नसो, नियम लागला.

आपल्या घरचे कायदे तर अजून वेगळे. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५, गोव्यात १८. त्यामुळे "आमच्याकडे तर चालतं" किंवा "आमच्याकडे तर चालत नाही" हे दोन्ही समुद्रावर उपयोगाचं नाही. मुंबईहून निघणाऱ्या जहाजाचे नियम तर वेगळेच विचारून घ्या, मायामीचे नियम तिथे लावू नका.

[१७:२०] "एक घेऊ आणि वाटून पिऊ"

हा विचार प्रत्येक ग्रुपमध्ये एकाला तरी येतोच. तर ऐका.

जहाजावर तुमचं कार्ड हेच तुमचं पाकीट. रॉयल कॅरिबियनमध्ये त्याला 'सीपास' म्हणतात. प्रत्येक ड्रिंकला ते स्कॅन होतं आणि बारटेंडरच्या स्क्रीनवर तुमचा फोटो येतो. मित्राचं कार्ड घेऊन गेलात की चेहरा जुळत नाही. एका वेळी एकच ड्रिंक मिळतं. कार्निव्हलमध्ये दोन ड्रिंकमध्ये थोडं अंतरही ठेवावं लागतं.

आता कुणी म्हणेल, मी माझं ड्रिंक घेऊन टेबलावर जातो आणि मित्राला देतो, कोण बघतंय? बघतात. त्याच बारवर सात दिवस तेच कर्मचारी असतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांना तुमचं नावही पाठ असतं. पकडलं तर पॅकेज रद्द होऊ शकतं आणि पैसे परत मिळत नाहीत. साठ हजारांवर पाणी सोडायचं, तेही दहा डॉलरच्या मार्गारिटासाठी? नको.

दुसरी युक्ती बरेच ग्रुप करतात. दोन जोडप्यांनी शेजारशेजारच्या दोन केबिन घ्यायच्या. कागदावर दोन घेणारे एका केबिनमध्ये, दोन न घेणारे दुसरीत. प्रत्यक्षात झोपायला आपापल्या जोडीदाराकडे. याबद्दल एवढंच सांगतो: आणीबाणीत कुणी कुठे जमायचं हे केबिनप्रमाणे ठरलेलं असतं आणि ते तुमच्या कार्डावर लिहिलेलं असतं. जहाजाला केबिनमध्ये कोण आहे हे खरं माहीत असणं ही सुरक्षेची गोष्ट आहे. म्हणून हे करायचं असेल तर कंपनीला आधी विचारून करा, लपवून नको. मित्रमंडळींचा ग्रुप असेल तर प्रश्नच नाही, खरोखरच तशी वाटणी करा आणि तिथेच झोपा.

[१९:४०] बाटली नेता येते का?

हार्ड दारू नाही. पण रॉयल कॅरिबियनमध्ये चढण्याच्या दिवशी पिण्याचं वय झालेल्या प्रत्येक प्रवाशाला ७५० मिलीची वाइन किंवा शॅम्पेनची एक सीलबंद बाटली नेता येते. जो कधीतरी एखादा ग्लास घेतो त्याला एवढं पुरतं.

बंदरावरून किंवा जहाजावरच्या ड्यूटी फ्री दुकानातून बाटली घेतली, तर ती जहाजवाले जमा करून ठेवतात आणि शेवटी परत देतात. जप्त होत नाही, घाबरू नका, पण प्रवासात उघडताही येत नाही. पाण्याच्या बाटलीत रम भरून नेणं वगैरे करू नका. सामान स्कॅनरमधून जातं.

डिस्नेच्या क्रूझवर अनलिमिटेड अल्कोहोल पॅकेजच नसतं. त्याऐवजी वाइन-बिअर ठरावीक प्रमाणात सोबत नेता येते. म्हणजे कंपनी बदलली की खेळच बदलतो.

[२१:००] कधी घ्यायचं?

जहाजावर चढण्याच्या आधी. ऑनलाइन आधी घेतलं तर बहुतेक वेळा स्वस्त पडतं. जहाजावर तोच माल महाग असतो, आणि पहिल्या दिवशी संगीत आणि सूर्यास्त बघून हात आपोआप कार्डाकडे जातो.

आधी घेतल्यावर दर खाली आला तर? रॉयल कॅरिबियनमध्ये निघायच्या आधी जुनं रद्द करून नव्या दराने परत घेता येतं. म्हणून दर आठवड्याला एकदा दर बघायचं काम ग्रुपमधल्या एकाला द्या. असा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, जो पेट्रोलचा दरही रोज बघतो. पण जहाज सुटलं की विचार बदलायला फारशी जागा उरत नाही.

"दुसऱ्याला ५० टक्के सूट" अशी ऑफर दिसली तर दोघांची बेरीज करून निम्मी करा. पहिल्याची किंमत फुगवलेली असू शकते. बेरीज खरं सांगते.

आणि अमेरिकेतल्या काही बंदरांची खोच: कार्निव्हलचं चिअर्स पॅकेज टेक्सास किंवा न्यू यॉर्कहून निघणाऱ्या जहाजावर पहिल्या दिवशी चालू होत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ६ला चालू होतं. तिथल्या राज्यांच्या दारूविषयक नियमांमुळे. पहिल्या संध्याकाळी सुटं बिल येणार हे धरून चला.

एक छोटी गोष्ट: भारतातल्या कार्डाने डॉलरमध्ये पैसे भरले की बँक फॉरेक्स मार्कअप लावते. मोठ्या रकमेवर तो जाणवतो. कमी मार्कअपवालं कार्ड कुणाकडे आहे ते आधी बघा.

[२३:१०] पैसे कुणी भरायचे?

हा भाग जहाजाच्या नियमात नाही, पण खरं भांडण इथेच होतं.

समजा तुम्ही वाटणी बदलू शकला नाहीत. केबिनमध्ये एक घेणारा, एक न घेणारी. सूट मिळाली नाही. घेणाऱ्याला पॅकेज हवंच आहे. तिच्या नावावरचे साठ हजार कुणी द्यायचे?

माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्या निवडीमुळे खर्च आला, त्याने तो उचलायचा. ती कॉफी, ज्यूस, मॉकटेल पिणार आहे, तर तेवढ्यापुरतं तिने द्यावं. एकटी असती तर तिने जे रिफ्रेशमेंट पॅकेज घेतलं असतं किंवा जे सुटं बिल झालं असतं, तेवढाच तिचा वाटा. बाकी घेणाऱ्याचा. आणि ही रक्कम ऐकून घेणाऱ्याला वाटलं, "अरे, एवढे?" तर उत्तर मिळालं: त्याला पॅकेज परवडत नाहीये, इतका वेळ ते दुसऱ्याच्या खिशातून परवडत होतं.

स्प्लिटवाइजवर सहाने भागलं की काम झालं असं समजू नका. ग्रुपमध्ये जो घेत नाही तो सहसा बोलत नाही. "मूड खराब नको करू" म्हणून गप्प बसतो. कुणाची पहिली नोकरी आहे, कुणी घरी पैसे पाठवतं, कुणी सहा महिने साठवून ही ट्रिप करतंय. साठ हजार म्हणजे त्याच्यासाठी दोन महिन्यांचं घरभाडं असेल. तो बोलणार नाही, म्हणून विचारायचं काम आपलं. आणि ग्रुपवर नाही, वेगळा मेसेज करून विचारा. "तुझ्या केबिनचं कसं करूया?" एवढं पुरतं.

अजून एक. नियमामुळे पॅकेज मिळालंच आहे म्हणून न घेणाऱ्याला "आता पैसे भरलेत ना, मग घे की एक" असं म्हणू नका. तो घेत नाही याला कारण असेल, नसेल, विचारायची गरज नाही. पैसे बुडाले ते बुडाले, त्याच्यासाठी त्याने स्वतःचं मन मारायचं कारण नाही.

हेच घेणाऱ्यांनाही लागू. वसूल करायच्या नादात सकाळी दहाला सुरू करून संध्याकाळी केबिनमध्ये आडवे झालेले लोक प्रत्येक जहाजावर दिसतात. समोर समुद्र, डेकवर गाणी, आणि हे गडी झोपलेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत सरळ सांगितलंय की दारूचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. कार्निव्हलचा १५चा आकडा ही मर्यादा आहे, टार्गेट नाही. आणि जास्त झालेली दिसली तर बारटेंडर पॅकेज असूनही नाही म्हणू शकतो.

[२६:३०] बुकिंगआधी विचारायचे सहा प्रश्न

एजंटला किंवा कंपनीला हे प्रश्न ईमेलवर विचारा. उत्तरही ईमेलवर मागा.

१. पॅकेजची सक्ती केबिनमधल्या सगळ्यांना आहे का? कोणत्या वयापासून?

२. न घेणाऱ्याला अल्कोहोल नसलेलं पॅकेज चालेल का? ते कोण मंजूर करणार?

३. सांगितलेल्या किमतीत टिप धरली आहे का?

४. एका ड्रिंकची मर्यादा किती, आणि दिवसाची मर्यादा आहे का?

५. पॅकेज पहिल्या दिवसापासून चालू होतं का? कंपनीच्या खासगी बेटावर चालतं का? रॉयल कॅरिबियनचं त्यांच्या कोकोके बेटावर चालतं, पण प्रत्येक कंपनीचं तसं असेलच असं नाही.

६. "ड्रिंक्स इन्क्लुडेड" असं तिकिटावर असेल तर ते केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसालाही आहे का? कारण काही ऑफर पहिल्या दोघांपुरत्याच असतात. चार मित्र एका केबिनमध्ये कोंबून स्वस्तात जाणाऱ्यांनी हे आधी बघा.

तर मंडळी, आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: आधी पोल, मग केबिनची वाटणी, मग तिकीट, आणि शेवटी पॅकेज. हा क्रम उलटा केला की पैसे जातात.

तुमच्या ट्रिपच्या ग्रुपवर हा भाग टाका, विशेषतः जो सगळ्यांचं बुकिंग करतो त्याला. बिचाऱ्याला कुणी थँक्यू म्हणत नाही, निदान माहिती तरी द्या. पुढच्या भागात क्रूझवरचं इंटरनेट: वायफाय पॅकेज एका फोनचं घ्यायचं की चार फोनचं, आणि बंदरावर उतरल्यावर काय करायचं. तोपर्यंत हिशोब चोख ठेवा, आणि पाणी पीत राहा. ते फुकट आहे!